अमेरिकेतला नवरा, मुंबईतली मुलाखत आणि पुण्यातली कागदपत्रं

आंबेहळद

पासपोर्टवर इमिग्रंट व्हिसा चिकटला आणि तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू झालेत. प्रत्येकीला तेच तेच टंकण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. भर घालणाऱ्यांनी भर घाला.

मी कोथरूडची, नवरा न्यू जर्सीत, अमेरिकन नागरिक. लग्न ठरवून, पुण्यातच, रीतसर कार्यालयात. तेव्हा खालचं सगळं नागरिकाच्या बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी. ग्रीन कार्डवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल कुणी जाणकाराने लिहावं.

क्रम असा. नवरा तिकडून यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० भरतो, हा जोडीदारासाठीचा मूळ अर्ज. ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५ (एप्रिल २०२४ पासूनचे दर). तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, म्हणजे आपली एनव्हीसी. तिथे ३२५ डॉलर व्हिसाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीच्या फॉर्मचे भरायचे, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, दाखले स्कॅन करून चढवायचे. सगळं पसंत पडलं की मुलाखतीच्या रांगेत नंबर लागतो. केस नंबर 'बीएमबी'ने सुरू झाला की समजायचं मुंबई.

पहिला टप्पा सगळ्यांत लांबलचक, आणि त्यात आपल्या हातात काही नसतं. वर्ष सहज जातं, जास्तही. रोज स्टेटस बघू नका असं सांगून उपयोग नाही, सगळे बघतात.

आता मुद्द्याचं. लोक मुलाखतीला घाबरतात. मुलाखत खिडकीशी उभ्याउभ्या काही मिनिटांत आटपते. जीव जातो तो पुण्यातच: जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, पीसीसी (गुन्हे नसल्याचा पोलीस दाखला), आणि या सगळ्यांवरची नावं एकमेकांशी जुळवणं. आय-१३० मंजूर व्हायची वाट बघत बसू नका. ते वर्ष याच कामाला लावा.

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. आईचं नाव, बाबांचं नाव, प्रसूतिगृह, लिंग स्त्री, आणि नावाचा रकाना कोरा. हे आमच्या पिढीत सर्रास आहे. बाळ दोन दिवसांचं असताना दवाखान्यातून नोंद जाते, बारसं बाराव्या दिवशी, आणि नाव कळवायला परत कोण जातंय? नाव नंतर घालता येतं, पण नियमाप्रमाणे नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत. त्यापुढे मधूनमधून मुदतवाढ देतात, ती चालू आहे का ते आधी विचारा. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं जवळ ठेवा. नोंदच नसेल, म्हणजे गावी घरीच बाळंतपण वगैरे, तर नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीला शाळेचा दाखला व आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं चालतात.

बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सदाशिव३०

उपयुक्त धागा. एक पुरवणी.

कार्यालयवाले सोनेरी किनारीचं जे 'विवाह प्रमाणपत्र' देतात ते भिंतीला शोभतं, कौन्सुलेटला चालत नाही. सरकारी नोंदणीचंच लागतं. पुण्यात ती मनपाच्या क्षेत्रीय कार्यालयात, १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली होते. दोघं समक्ष, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, भटजींची सही. परदेशातला नवरदेव तीन आठवड्यांची रजा काढून येतो, त्यातला एक केळवणात, एक लग्नात आणि एक देवदर्शनात जातो. मग विमानतळावर निघताना आठवतं की नोंदणी राहिली. हॉल बुक कराल त्याच दिवशी नोंदणीचा दिवसही ठरवा. आणि दक्षिणा देतानाच फॉर्मवर भटजींची सही घ्या, लग्नसराईत ते नंतर सापडत नाहीत.

कोर्ट मॅरेज करू म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस आहे, आणि नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. पुण्यात राहणाऱ्या मुलीमुळे ती अट भागते. नोटिशीच्या ३० दिवसांचं गणित मात्र रजेत बसवावं लागतं.

हडपसरी

ताई, मोठाच घोळ झालाय. सासूबाईंनी लग्नात ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहायला लावलं. हौस म्हणून मीही हसत बसले. पण नोंदणीचा फॉर्म भरला दिरांनी, आणि त्यांनी उत्साहात तेच नाव टाकलं. आता प्रमाणपत्रावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. राजपत्रात नाव बदलून घेऊ का? इकडे सगळे तेच म्हणताहेत.

आंबेहळद

नको गं. राजपत्र केलंस की पासपोर्ट, आधार, पॅन, डिग्री, सगळं नव्या नावाच्या मागे पळवावं लागेल, आणि आय-१३० जुन्या नावाने गेलेला असणार. आधी ज्या कार्यालयात नोंदणी केली तिथे दुरुस्तीचा अर्ज दे, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला जोडून. एक कागद बदलणं आणि दहा बदलणं यात एकच निवड.

माझं स्पष्ट मत: ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत माहेरचं नाव जसंच्या तसं ठेवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा इथेही नाही, तिथेही नाही. सासूबाईंना पटत नसेल तर सांग, कौन्सुलेटचा नियम आहे म्हणून. तेवढं पाप मी माझ्या डोक्यावर घेते.

आणि डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. तिथे तांदळातलं नावही लिही.

टेकडीवाला

मी या धाग्यातला 'तिकडचा नवरा'. मूळचा पुण्याचा, आता सिअ‍ॅटल. बायको यायच्या आधी फाइलवर मीच राबलो.

नावांबद्दल आणखी. आपल्याकडे वडिलांच्या नावामागे 'राव' कधी असतं, कधी गळतं. आईच्या नावापुढे 'बाई' तसंच. सासऱ्यांचं नाव जन्मदाखल्यावर रावासकट, बायकोच्या पासपोर्टवर रावाशिवाय, आणि शाळेच्या दाखल्यावर नुसतं आद्याक्षर. तिन्ही एकाच व्यक्तीची नावं आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र सासऱ्यांकडून करून घेतलं, शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेरच होतं. एनव्हीसीने त्यावर चकार शब्द काढला नाही. स्पेलिंगमधला 'व्ही' की 'डब्ल्यू' एवढाच फरक असेल तर सहसा कोणी अडवत नाही. आडनावच वेगळं असेल तर अडवतात.

दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, भाषांतरकाराच्या 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे अचूक आहे' अशा सहीसकट. नव्या दाखल्यांवर मराठी-इंग्रजी दोन्ही असतं. जुना हस्तलिखित दाखला घेऊन बसण्यापेक्षा नवी प्रत काढलेली बरी.

लेकीचीआई

आमचे जावई ग्रीन कार्डवर आहेत, नागरिक नाहीत. लेक इथे औंधला आमच्याकडे. फाइल टाकली आहे. तोवर तिने टुरिस्ट व्हिसावर जाऊन यावं असं विहीणबाई सुचवताहेत. चालतं का? दिवाळीत एकटीच फराळ करत होती हो.

टेकडीवाला

काकू, ग्रीन कार्डधारकाची बायको एफ-२ए या वर्गात येते. त्याला वार्षिक मर्यादा आहे, म्हणून रांग. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात आपली तारीख आली का ते बघायचं. नागरिकाच्या जोडीदाराला ही मर्यादाच नाही. जावई मधेच नागरिक झाले तर फाइल आपोआप सुटत नाही, त्यांनी एनव्हीसीला कळवावं लागतं, पण कळवलं की लेक रांगेतून बाहेर पडते.

टुरिस्ट व्हिसाचं सरळ सांगतो. त्या फॉर्मवर थेट प्रश्न आहे की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का. उत्तर 'हो'च द्यायचं. आणि 'हो' दिलं की २१४(ब) या कलमाखाली नकाराची शक्यता दाट, कारण परत येण्याचा इरादा पटवून द्यावा लागतो आणि तुमच्या फाइलमध्येच कायमचं जायचं लिहिलंय. कुणी एजंट 'नाही लिहा' म्हणाला तर तिथून उठा. खोटं सापडलं तर कायमची बंदी लागू शकते, आणि मग इमिग्रंट व्हिसाही गेला. नकार परवडला, खोटं नाही.

त्यापेक्षा जावयांनाच दिवाळीला बोलवा. त्यांच्या येण्याजाण्याचे बोर्डिंग पास पुरावा म्हणूनही कामाला येतात.

डॅलसचे_काका

अर्ध्या रात्री जागून वाचतोय, कारण पुतण्याने 'जॉइंट स्पॉन्सर' म्हणून सही मागितली आहे. तो पीएचडी करतोय, स्टायपेंड तुटपुंजा. आमच्या हिचा विरोध आहे. सही केली तर नक्की कशात अडकतो?

आंबेहळद

काका, काकूंचा विरोध अगदीच निराधार नाही, म्हणून नीट सांगते.

आय-८६४, म्हणजे वर म्हटलेला आर्थिक हमीचा फॉर्म, हा करार आहे. सूनबाई सरकारी मदतीवर येणार नाहीत अशी हमी. स्पॉन्सरचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी लागतं. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते वर्षाला २६,४३७ डॉलर. पुतण्याचं तेवढं भरत नसेल तर अमेरिकेत राहणारा कुणीही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. तुमच्या बाबतीत तुमच्या घरची माणसं अधिक सूनबाई असा आकडा धरून तक्ता बघायचा. टॅक्सचे कागद द्यावे लागतात.

आणि ही हमी दोन-चार वर्षांत संपत नाही. सूनबाई नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावे ४० तिमाह्यांचं काम जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं. घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही. ती स्वतः कमावती होणार असेल तर प्रत्यक्षात खिशाला झळ लागण्याची वेळ क्वचित येते. पण काकूंना हे आधी सांगा, सहीनंतर नको.

डॅलसचे_काका

वाचून दाखवलं. 'मुलगी काय शिकलीये ते विचारा' असा हुकूम झालाय. बहुतेक करणार सही.

आंबेहळद

आता पीसीसी आणि मेडिकल.

पीसीसी पासपोर्ट कार्यालयाचाच हवा. पोलीस आयुक्तालयाकडून नोकरीसाठी मिळतो तो चारित्र्याचा दाखला वेगळा, तो इथे चालत नाही. पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज, ५०० रुपये, मुंढव्याच्या केंद्रात अपॉइंटमेंट, मग पोलीस पडताळणी. लग्न होऊन माहेरी राहणाऱ्यांची गंमत इथे होते. पासपोर्टवर माहेरचा पत्ता, जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याचं नाव, आणि हवालदारसाहेब विचारतात, 'मग सासर कुठंय?' सासर एडिसनला, असं सांगितल्यावर त्यांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. दोन शेजारी मात्र हाताशी ठेवा.

ऑनसाइटला एखाद्या देशात वर्षभराहून जास्त राहिला असाल तर त्या देशाचाही पोलीस दाखला लागतो. माझ्या मैत्रिणीला जर्मनीचा मागवावा लागला. हे आधी बघा, टपालात वेळ जातो.

मेडिकल कौन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. आपल्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट कितीही प्रेमाचं असलं तरी नाही. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि लसी. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली असतं, ते शोधा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, मोसमात फ्लू. कार्ड नसेल तर परत टोचतात. दिवस राहिले असतील तर आधीच सांगा, कारण काही लसी तेव्हा देत नाहीत आणि एक्स-रेलाही काळजी घ्यावी लागते.

निंबोणी

मेडिकलबद्दल माझंही लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या एक्स-रेवर जुना डाग निघाला. लहानपणी टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली होती, घरात कुणी विषय काढत नसे. आई तर डॉक्टरांसमोर 'न्यूमोनिया' म्हणत राहिली.

मग तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी थुंकीचे नमुने आणि त्यांचं कल्चर. कल्चरला आठ आठवड्यांपर्यंत लागतात, त्यात घाई करता येत नाही. मुलाखत पुढे गेली. शेवटी निगेटिव्ह आलं आणि व्हिसा मिळाला. टीबी होऊन गेला म्हणून व्हिसा जात नाही. पण जुने रिपोर्ट, जुने एक्स-रे, औषधोपचाराची चिठ्ठी, काहीही असेल तर घेऊन जा. आणि मेडिकलच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. नोकरीचा राजीनामाही देऊ नका.

आंबेहळद

निंबोणी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

मुलाखत. कौन्सुलेट बीकेसीत, सी-४९, जी ब्लॉक. डेक्कन क्वीन विसरा. ती पुण्याहून सव्वासातला निघते, दादरला दहा वाजतात, आणि तुमची वेळ बहुधा त्याआधीची. एक्सप्रेस वेवर पहाटे निघून पोचू म्हणणाऱ्यांनी खंडाळ्याचा घाट आठवावा. आदल्या दिवशीच जा. मी पार्ल्याला मावशीकडे होते. बोटांचे ठसे नि फोटो यांची अपॉइंटमेंट वेगळी असते, ती आधी आटपून घ्या.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह काही आत नेता येत नाही. कागद पारदर्शक फोल्डरमध्ये. आधी एका खिडकीवर मूळ कागद बघतात. मग अधिकाऱ्याची खिडकी. उजवा हात वर करून शपथ, आणि प्रश्न. मराठीतून बोलायचं असेल तर दुभाषा मिळतो, संकोच करू नका. मोडक्या इंग्रजीत चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ते कधीही बरं.

मला विचारलेलं: ओळख कशी झाली, लग्नाआधी किती वेळा भेटलात, लग्नाला त्याच्याकडून कोण आलं होतं, तो काय करतो, लग्नानंतर तो कधी येऊन गेला. मग अल्बममधला एक फोटो त्या अधिकारी बाईने काचेला लावला आणि बोट ठेवून विचारलं, 'ही सगळ्या फोटोंत तुमच्या मागे उभी आहे, ही कोण?' करवली. माझी मामेबहीण, हातात तांब्या आणि सुपारी, चेहरा झोपाळलेला. ते सांगितल्यावर बाई हसली आणि फोटो परत दिला. पोझ दिलेल्या प्री-वेडिंगच्या फोटोंकडे तिने पाहिलंही नाही. फोटो निवडताना दोन्हीकडची माणसं एकत्र दिसतील असेच निवडा.

ठरवून केलेलं लग्न, दोन-तीन भेटींत होकार, याचं तिथे कुणाला नवल नाही. पण नवऱ्याचं आधीचं लग्न झालेलं असेल तर त्या घटस्फोटाचा हुकूमनामा, कधी आणि कुठे झाला, हे तुम्हाला पाठ हवं. माझ्या शेजारच्या खिडकीवर एक मुलगी तिथेच अडखळली. तिला घरच्यांनी 'ते कशाला उगाळायचं' म्हणून धड सांगितलंच नव्हतं. आपल्या घरांतली ही झाकपाक तिथे फार महागात पडते.

सदाशिव३०

अवांतर: २०११ पर्यंत हे कौन्सुलेट ब्रीच कँडीला होतं. थोरल्या बहिणीच्या वेळी आम्ही रस्त्यावर छत्र्या घेऊन उभे होतो. बीकेसीचे लोक सुखी आहेत.

टेकडीवाला

एक इशारा. मुलाखतीनंतर काही कागद राहिला असेल तर २२१(ग)ची चिठ्ठी देतात, काय हवं त्यावर खूण केलेली. घरी येऊन ऑनलाइन स्टेटस बघितलं की तिथे 'रिफ्यूज्ड' दिसतं. बायकोने ते बघून मला माझ्या पहाटे तीनला फोन केला, मागे सासूबाईंचा आवाज, 'नाही म्हणाले का?' तो अंतिम नकार नसतो. मागितलेला कागद दिला की पुढची प्रक्रिया चालू होते आणि मंजूर झालं की 'इश्यूड' दिसतं. मात्र तो कागद वर्षाच्या आत द्या.

व्हिसा आल्यावर २३५ डॉलर यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, कार्ड छापायला तीच लागते. विमानतळावर शिक्का मारतात, तो शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. त्यामुळे कार्ड टपालात रेंगाळलं तरी नोकरी शोधायला हरकत नाही.

लेकीचीआई

आणखी एक विचारते. सीआर-१ आणि आयआर-१ असं दोन्ही वाचते आहे. पुतणीचा नवरा नागरिक आहे. तिच्या लग्नाला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. व्हिसा हातात आलाय, सीआर-१ लिहिलंय.

आंबेहळद

काकू, मग तिचं तिकीट काढलं नसेल तर थांबा!

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलं तर सीआर-१, कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, परत फी, परत संसाराचे पुरावे. दोन वर्षं झाल्यावर शिरलं तर आयआर-१ आणि थेट दहा वर्षांचं कार्ड. मोजतात ती प्रवेशाची तारीख, मुलाखतीची नाही. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून बदलून मागता येतं.

फक्त व्हिसाची मुदत बघा. तो साधारण सहा महिने चालतो, मेडिकलची तारीख आधी संपत असेल तर कमी.

लेकीचीआई

तिकीट काढलंय, लग्नाच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधीचं. जावयांनी 'सरप्राइज' म्हणून. आत्ता फोन लावते.

सदाशिव३०

काकू, तारीख बदलायचे पैसे जावयांकडून घ्या.